पोराला तालमीत घालताय? आधी घराचं वेळापत्रक मांडा

तालमीत जातं एकटं पोरगं, पण पहाटे साडेचारचा गजर घरातल्या सगळ्यांना उठवतो. दूध वाढतं, धुणं वाढतं, रात्रीची टीव्हीची वेळ जाते आणि पै-पाहुण्यांच्या लग्नाला कोण जाणार यावर खल सुरू होतो. खासबाग मैदान १९१२ पासून ज्या कोल्हापुरात उभं आहे आणि पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे ज्या गावात घडले, तिथं ‘मला पैलवान व्हायचंय’ असं नातू म्हणाला की आजोबांची छाती आधी फुगते. हिशेब मात्र आई-वडिलांनाच घालावा लागतो. तो पहिल्या महिन्यातच घालावा. दोन वर्षांनी घालायला बसलं की त्यात राग मिसळतो.

पहिले तीन महिने: फक्त संध्याकाळ

आठ-नऊ वर्षांचं पोर तालमीत जायला हरकत नाही, पण या वयात कोलांट्या, पळणं, दोर, थोडे जोर-बैठका आणि मातीत लोळणं एवढंच पुरे. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी पाठवा. लहान खेळाडूंसाठी क्रीडावैद्यकातला एक सोपा नियम आहे: मुलाचं वय जितकं, तितकेच तास आठवड्याला सराव. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास. पहाटेचे अडीच आणि संध्याकाळचे अडीच तास, तेही आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे तीस तास होतात. हा मोठ्या पैलवानाचा दिनक्रम आहे. चौथीतल्या पोराला तो लावला तर वर्षभरात गुडघा दुखतो नाहीतर मन उडतं.

या तीन महिन्यांत एकच गोष्ट पाहायची. पोर स्वतःहून लंगोट पिशवीत भरतं का, की रोज ढकलावं लागतं? पहिले पंधरा दिवस सगळीच उड्या मारत जातात. खरी परीक्षा अंग दुखायला लागल्यावर आणि आपल्याहून बारक्या पोरानं चीत केल्यावर होते.

तालीम बघताना काय बघायचं

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. लहान मुलासाठी मात्र नावापेक्षा घरापासूनचं अंतर आणि वस्तादांची हजेरी जास्त मोलाची. एका संध्याकाळी न सांगता जा आणि तासभर कट्ट्यावर बसा. वस्ताद स्वतः हौदात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, उतरतात की मोठ्या पोरांवर सोडून देतात? लहानांची जोड वजन बघून लावतात का? हौद रोज खोऱ्यानं उकरला जातो का? न उकरलेली माती दगडासारखी बसते आणि पाठीवर पडलेल्या पोराचा खांदा जातो. चांगल्या हौदात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून माती मळलेली असते. ती मऊ लागते, धूळ कमी उडते. पोराला दम्याचा त्रास असेल तर धुळीच्या हौदापेक्षा मॅटवरची तालीम बरी.

मॅटची सोय हा प्रश्न पुढे टळत नाही. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असले, तरी शालेय स्पर्धेपासून ऑलिंपिकपर्यंतचा रस्ता मॅटवरूनच जातो. मातीत पकड आणि दम तयार होतो, पण मॅटवर गुणांचा हिशेब असतो आणि सतरा वर्षांखालच्या गटात दोन-दोन मिनिटांच्या दोनच फेऱ्या असतात. मातीत दहा मिनिटं एकमेकांना अजमावणारं पोर मॅटवर पहिल्या मिनिटात पटावर (पाय धरून पाडण्याच्या डावावर) गुण देऊन बसतं. बारा-तेराव्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस तरी मॅट मिळेल, असं बघा.

मुक्कामी तालमीत ठेवायचं असेल तर तपासणी आणखी कडक हवी. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडच्या घरांना रोजची ये-जा जमत नाही, म्हणून पोर मुक्कामी ठेवावं लागतं. संडास-न्हाणी किती मुलांत एक आहे? लहान मुलं मोठ्यांपासून वेगळी झोपतात का? रात्री जबाबदार माणूस कोण? स्वयंपाक पोरंच करत असतील तर लहानांच्या वाट्याला कोणतं काम येतं? महिन्यातून एकदा अचानक जा आणि पोराला बाहेर नेऊन एकट्यानं बोला. ‘मोठ्यांचे पाय दाबायला लागतात’ ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. मुलाच्या अंगाशी कुणी गैर वागत असेल तर १०९८ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. हे पोरालाही माहीत असू द्या.

घड्याळ

सगळ्यात जास्त घरं इथं चुकतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरानंतर आठ ते दहा. साडेचारला उठणाऱ्या बारा वर्षांच्या पोरानं साडेसातलाच झोपायला हवं. कोल्हापुरातल्या कुठल्या घरात साडेसातला दिवा मालवतो? म्हणून बारा-तेरापर्यंत पहाटेची तालीम नकोच. त्यानंतर सुरू केली तर असं जमतं: संध्याकाळी साडेसहाला तालमीतून परत, सातला अंघोळ-जेवण, आठ-सव्वाआठला अंथरुण. त्याच्या खोलीत टीव्ही नाही, मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात. एकाच खोलीचं घर असेल तर टीव्हीचा आवाज बंद करून भागत नाही, उजेडही त्रास देतो. अशा घरात पहाटेचा सराव आठवड्यातून तीनच दिवस ठेवा आणि बाकीचे दिवस घरासाठी सोडा.

वडील शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला शिफ्टमध्ये असतील तर पहाटे सोडायला कोण, याचं आठवड्याचं वेळापत्रक रविवारी लिहून दारामागे चिकटवा. नाहीतर हे काम गुपचूप आईच्या अंगावर पडतं: चारला उठून खुराक, साडेचारला गाडीवर सोडणं, मग डबे, मग तिची स्वतःची नोकरी. गल्लीतली तीन-चार पोरं एकाच तालमीत जात असतील तर पालकांनी पाळी लावावी. यावर दुसरा स्वस्त उपाय नाही.

आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून दोन-तीन महिने कुस्ती कमी करून पोहणं, फुटबॉल, मल्लखांब. कळंबा, रंकाळा किंवा पंचगंगेत पोरांना एकटं सोडायचं नाही, एवढं सांगायलाच हवं.

खुराक: वहीत लिहून बघा

खुराकाबद्दल गावात जितकं बोललं जातं, तितकं मोजलं जात नाही. जुन्या पैलवानांच्या खुराकाच्या गोष्टी रोज सहा-सात तास मेहनत करणाऱ्या शंभर किलोच्या माणसाच्या आहेत. चाळीस किलोच्या पोराला किलोमागे साधारण दीड ग्रॅम, म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं पुरतात. ती अशी येतात: अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून १९-२०, दोन अंड्यांतून १२, दोन वाट्या घट्ट आमटी किंवा उसळीतून १४, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सात-आठ आणि दिवसभरातल्या भाकरी-चपात्यांतून नऊ-दहा. बेरीज साठाच्या वर गेली, आणि यात ना मटण आहे ना बदाम. अंडी न खाणाऱ्या घरात एक वाटी उसळ आणि वाटीभर घट्ट दही वाढवलं की झालं.

दोन लिटर दुधाचा हट्ट धरणाऱ्यांनी हिशेब करावा. म्हशीचं दोन लिटर दूध म्हणजे जवळजवळ दोन हजार कॅलरी. एवढं पोटात गेल्यावर भाकरी, पालेभाजी, डाळ कुठं मावणार? दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि जास्त दुधामुळे इतर अन्नातलं लोहही कमी शोषलं जातं. भरपूर दूध पिणारं पोर धापा टाकायला लागलं तर हिमोग्लोबिन तपासा. पैशाचा मुद्दा तर उघड आहे: रोज अर्धा लिटर म्हणजे महिन्याला १५ लिटर, दोन लिटर म्हणजे ६०.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायची गावाची हौस जुनी आहे. मुलाला ते तसं देऊ नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय होऊ शकतो. कट्ट्यावरून आणा, पण उकळी येऊ द्या. उकळल्यानं प्रथिनं कमी होत नाहीत.

थंडाई उन्हाळ्यात द्यावी, आठवड्यातून दोन-तीनदा. एका पोराचं प्रमाण: रात्री भिजवून सोललेले १०-१२ बदाम, चमचाभर मगज बी, अर्धा चमचा बडीशेप, तीन-चार काळी मिरी, एक वेलदोडा, कुंडीत बारीक घोटून पाव लिटर उकळून गार केलेलं दूध आणि चमचाभर साखर. एरवी यात खसखस घालतात. उत्तेजक चाचणी होणाऱ्या स्पर्धेच्या आधीचा आठवडा मात्र ती टाळा, कारण खसखशीत मॉर्फिनचा अंश राहू शकतो आणि स्पर्धेच्या काळात मॉर्फिनवर बंदी आहे. बदामांबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. पंधरा बदामांत जेमतेम चार ग्रॅम प्रथिनं असतात. बदाम चांगलेच, पण बजेट तुटत असेल तर आधी तेच काढा. शेंगदाणे आणि फुटाणे ठेवा.

मटणाच्या दरावरून २०१९ मध्ये ज्या शहरात आंदोलन झालं, तिथं मटण कमी करा असं सांगणं अवघड आहे. आठवड्यातून एकदा पुरे. पोरासाठी रश्शातलं अळणी काढून ठेवा, तांबडा बाकीच्यांना. सरावाच्या आधी दोन तास मटण नको. सरावाआधी एक केळं किंवा दोन खजूर, सरावानंतर तासाभरात नीट जेवण. उन्हाळ्यात सरावाच्या आधी आणि नंतर पोराचं वजन करा. जितकं किलो उतरेल, त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी, ताक किंवा लिंबूसरबत पुढच्या तीन-चार तासांत जायला हवं.

डब्यातली पावडर अठराच्या आत नको. आणि एका गोष्टीवर डोळा ठेवा: मेफेंटरमीनचं इंजेक्शन. शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी डॉक्टर वापरतात ते हे औषध, जिम आणि तालमींच्या आसपास ‘दम वाढतो’ म्हणून विकलं जातं. उत्तेजकांच्या यादीत ते बंदी घातलेलं आहे आणि हृदयाला घातक आहे. पिशवीत सिरिंज, विनाकारण धडधड, झोप उडणं, पैशांची चोरी, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. वस्तादांना नंतर सांगा.

धुणं, नायटा आणि कान

लंगोट तीन, बनियन चार, टॉवेल दोन. मॅटसाठी कॉस्च्युम दोन आणि बूट एक जोड, पण पाय वाढत असल्यानं बूट दरवर्षी नवे. लंगोट रोज गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवायचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात काहीच वाळत नाही, तेव्हा पंख्याखाली वाळवून वरून कडक इस्त्री. दमट लंगोट पुन्हा नेसला की आठ दिवसांत जांघेत नायटा उठतो आणि मग तो टॉवेलवरून बहिणीला, आईला होतो. मातीचं अंग घेऊन पोर घरात शिरलं की थेट न्हाणीत. अंथरुणावर, सोफ्यावर आधी नाही. साबण, टॉवेल त्याचा वेगळा.

नायट्यावर दुकानातून आणलेली ‘तीन औषधांची’ ट्यूब लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा आत पसरत राहतो आणि नंतर साध्या औषधाला दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं औषध सांगितलेले सगळे दिवस लावा, डाग गेला तरी. अंगावरच्या नायट्याला उपचार सुरू होऊन किमान तीन दिवस होईपर्यंत कुस्ती नाही, डोक्यातल्या नायट्याला दोन आठवडे. पाण्याचे बारीक फोड घोळक्यानं आले किंवा पू झाला तर लगेच दाखवा. नखं आठवड्यातून दोनदा कापा. हौदातल्या मातीमुळे धनुर्वाताची लस चुकवायची नाही: सरकारी वेळापत्रकात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आहे.

मोडलेला कान ही पैलवानाची खूण म्हणून मिरवली जाते. प्रत्यक्षात कानाच्या कुर्च्यावर रक्त साकळलेलं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांनी ते काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. आठ-दहा दिवसांनी तिथं गाठ घट्ट होते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही. कानाचं संरक्षक कवच सरावात घालायला लाज कसली?

डोक्यावर पडून पोर गोंधळलं, उलटी झाली, तेच तेच विचारायला लागलं तर त्या दिवशी पुन्हा हौदात नाही, आणि तडक सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं दुसरं रुग्णालय. गुडघा अडकणं, कोपर सरळ न होणं हे मालिशवाल्याकडे नेण्याचे आजार नाहीत. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा भाग दुखावलेला असू शकतो.

वजन उतरवणं

‘दोन किलो खाली उतर, गट सोपा आहे.’ हे वाक्य कुणीही बोललं तरी पंधराच्या आत उत्तर नाही हेच. वाढत्या मुलाला उपाशी ठेवून, पाणी तोडून, स्वेटर घालून पळवून वजन उतरवलं तर उंची आणि ताकद दोन्ही मार खातात. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल असंच वजन उतरवताना दीड महिन्याच्या आत दगावले. त्यानंतर तिथले नियम बदलले. तिथल्या शालेय कुस्तीत आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट चालत नाही, म्हणजे पन्नास किलोच्या पोराला पाऊण किलो. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरली आणि पदक गेलं. एवढे डॉक्टर दिमतीला असून हे घडतं, तर घरच्या न्हाणीत काय होणार? पोराचं जे वजन आहे त्या गटात लढवा आणि हरू द्या.

यात्रेची मैदानं

दिवाळीनंतर मैदानं सुरू होतात आणि उन्हाळ्यात गावोगावच्या यात्रांत भरात येतात. लहान पोरांच्या रेवडीवरच्या, नारळाच्या कुस्त्या चांगल्याच: भीती मोडते, गर्दीची सवय होते. धोका जोड लावण्यात आहे. तिथं वजनकाटा नसतो, पंच डोळ्यानं मापतात आणि पालक भरीला पडतात. तुमच्या पोरापेक्षा तीन-चार किलोनं जड किंवा दोन वर्षांनी मोठा दिसला तर जोड नाकारा. कट्ट्यावरचे चार लोक हसतील. आखाड्याकडे ओरडून डाव सांगणारा बाप हा पोराचा दुसरा प्रतिस्पर्धी असतो. वस्तादांनी ‘ढाक’ म्हणायचं आणि बापानं ‘घिस्सा’, तर पोरानं ऐकायचं कुणाचं? रात्री अकरानंतरची मैदानं शाळा असताना नकोत. महिन्याला दोन पुरे.

शाळा, दाखले आणि पुढची वाट

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या पावसाळ्यापासून पुढे चालतात. प्रवेशिका शाळेमार्फत जाते, म्हणून जूनमध्येच क्रीडाशिक्षकांना गाठा. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या नोंदीत जन्मतारीख एकच आहे का, हे आत्ताच तपासा. वय कमी दाखवण्याचा सल्ला देणारे भेटतील. खोट्या जन्मदाखल्यांवरून कुस्ती महासंघानं मल्लांना निलंबित केलेलं आहे.

प्रत्येक प्रमाणपत्र मिळालं त्याच आठवड्यात स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण स्पर्धा पात्र यादीत असावी लागते आणि प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. पुढे राज्य सरकारच्या नोकऱ्यांतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे आणि तिथं प्रमाणपत्रांची पडताळणी होते. निवासी वाटा दोन: राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातली बॉइज स्पोर्ट्स कंपनी. दोन्हींची निवड लहान वयातच होते, दहावीनंतर विचार करून उपयोग नाही. कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे गेला आणि २०२४ मध्ये नेमबाजीत ऑलिंपिक कांस्य घेऊन आला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदकासाठी ७२ वर्षं लागली, हा आकडा स्वप्न बघताना शेजारी ठेवावा.

पोरगी कुस्ती म्हणाली तर

वरचं सगळं तेच. जादा एवढंच: सरावाला जोड म्हणून मुली किती आहेत, कपडे बदलायला कडी असलेली खोली आहे का, आणि बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत बाई आहे का. मुरगूडसारख्या ठिकाणी मुलींच्या कुस्तीची परंपरा उभी राहिली आहे आणि महिला महाराष्ट्र केसरी २०२३ पासून सुरू झाली. पाळी सलग तीन महिने चुकली तर ‘मेहनतीनं होतं’ म्हणून सोडू नका. बहुधा खाणं कमी पडत असतं. डॉक्टरांना दाखवा.

घरातली बाकीची माणसं

पैलवानाचं दूध वेगळ्या पातेल्यात आणि बहिणीला चहापुरतं, असं होत असेल तर ते आजच थांबवा. अंडी, दूध, केळी घरातल्या सगळ्या मुलांना सारखी. पैलवानाला जादा लागतं ते भाकरी आणि उसळीतून येऊ द्या. महिन्यातला एक रविवार भावंडाचा: त्याच्या चित्रकलेचा, तिच्या नाटकाचा, त्या दिवशी मैदान नाही.

खर्चाची वही तीन महिने लिहा: दूध, अंडी, बदाम, पेट्रोल, प्रवास, बूट, औषधं. मग वर्षाचा आकडा काढून वरची मर्यादा घाला आणि ती पोरालाही सांगा. बारा वर्षांच्या मुलाला हे कळतं. खुराकासाठी पतसंस्थेचं कर्ज आणि सोनं गहाण, दोन्ही नको.

दरवर्षी मे महिन्यात, मैदानं संपत आली की, पोराला विचारा: पुढच्या जूनपासून जायचंय का? आजोबांसमोर नको, वस्तादांसमोर नको. नाही म्हणालं तर कारण शोधा. दुखणं, भीती आणि अभ्यास ही कारणं निघून जातात, कंटाळा बहुधा जात नाही. कंटाळा असेल तर बंद करा आणि पोरालाच सोबत घेऊन वस्तादांना सांगायला जा. तालीम बंद झाली की पहिले दोन महिने जेवण तेच राहतं आणि मेहनत जाते, वजन झपाट्यानं चढतं. त्या दिवसांत भाकरी आणि दूध एक-तृतीयांशानं कमी करा आणि सायकल, फुटबॉल, काहीही तासभर चालू ठेवा.